ब्राह्मी कुठली ते आधी सांगा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत कुंडीत लावता येणाऱ्या औषधी वनस्पतींवर पानभर लेख आला होता. लेख चांगला होता, घरात सगळ्यांनी वाचला, आणि सोमवारी सकाळी मी दुकानाचं शटर पूर्ण वर करायच्या आत तोच लेख चार घड्या घातलेला माझ्या काउंटरवर परत आला. आमचं साताऱ्यात काष्ठौषधीचं दुकान आहे, आजोबांपासूनचं, त्यामुळे पेपरात वनस्पतींवर काही छापून आलं की दुसऱ्या दिवशी गर्दी होणार हे आम्हाला आता पाठ झालंय. करोनात तर पेपर यायच्या आधी व्हॉट्सॲप यायचं.

तर त्या कात्रणवाल्या मावशी. सत्तरीच्या असतील, नातू दहावीला, त्याच्यासाठी ब्राह्मी पाहिजे म्हणाल्या. मी बरणीतून काढून दिली, त्यांनी पुडी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "ही नव्हं. ह्या काटक्या झाल्या. पेपरात गोल पान आहे." मी म्हणलं मावशी ब्राह्मी वाळल्यावर अशीच दिसते. त्यांनी कात्रण पुढं केलं, त्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाल्या, "पेपरवाले खोटं छापतील का?" आता ह्याला काय उत्तर देणार. मी तुमची बाजू घेतली साहेब, खोटं नाही छापत म्हणलं, फक्त फोटो दुसऱ्याचा लागलाय.

झालं असं की लेखात लिहिलंय ब्राह्मी पाणथळ जागी पसरते, पान बारीक आणि जाडसर, फूल फिकट जांभळं नाहीतर पांढरं, चव कडू. हे सगळं बरोबर आहे, ही झाली जलब्राह्मी, शास्त्रीय नाव बॅकोपा मोनिएरी. आणि फोटो लावलाय तो गोल, कातरलेल्या काठाचं, लांब देठाचं, रुपयाच्या नाण्याएवढं पान असलेल्या वेलीचा, ती मंडूकपर्णी, आपल्याकडं तिला कारिवणा पण म्हणतात, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. दोघींचं घराणं वेगळं, फूल वेगळं, चव वेगळी. दोन्ही बुद्धीसाठी सांगितल्यात, त्यामुळे मंडूकपर्णी खाऊन कुणाचं वाईट होईल असं नाही, दक्षिणेकडं तर तिची चटणी, ताकातली तंबळी रोजच्या जेवणात असते. पण वैद्यानं एक लिहून द्यायची, दुकानदारानं दुसरी द्यायची, नर्सरीवाल्यानं तिसरंच काहीतरी ब्राह्मीची पाटी लावून विकायचं आणि त्यात पेपरनं मजकूर एकीचा आणि फोटो दुसरीचा छापायचा, मग त्या नातवानं नेमकं काय खाल्लं हे कुणाला कळणार?

चूक तुमची एकट्याची नाही. माझी तक्रार खरं म्हणजे नावांबद्दल आहे. मराठीत एकेका नावाखाली दोन दोन तीन तीन झाडं राहतात, एका चाळीत राहिल्यासारखी, आणि पोस्टमननं पत्र कुणाच्याही दारात टाकायचं.

पाषाणभेद घ्या. मुतखड्यासाठी लोक मागतात. आम्ही दुकानात देतो तो पाषाणभेद हिमालयातल्या एका झाडाचा कंद असतो, बर्जेनिया म्हणून, लालसर तुकडे, तुरट चव. पण आपल्याकडं अंगणात जी पानफुटी असते ना, जिचं पान नुसतं मातीवर टाकलं तरी कडेकडेनं पिल्लं फुटतात, तिला पण पाषाणभेद म्हणतात, आणि काही ठिकाणी पानओव्याला पण. आणि पानओवा म्हणजे तरी काय, ज्याची आपण भजी करतो ते जाड लोकरीसारखं पान, त्याचा डब्यातल्या ओव्याशी वास सोडून काही संबंध नाही. डब्यातला ओवा म्हणजे बडीशेपेच्या भावकीतल्या झाडाचं बी, आणि पानओवा तुळशीच्या घराण्यातला. एकदा एक गृहस्थ मला अगदी मनापासून विचारत होते की आमच्या ओव्याला बी का धरत नाही हो, खत कुठलं घालू.

सगळ्यात जास्त घोळ अशोकाचा. मागच्या उन्हाळ्यात एक साहेब प्लॅस्टिकच्या पिशवीत ताजी साल घेऊन आले, सोसायटीच्या गेटपाशी अशोकाची सात झाडं आहेत, त्यातल्या एकाची काढली, बायकोसाठी काढा करायचाय, किती घालू. मी साल हातात घेतली, मोडली, वास घेतला आणि त्यांना विचारलं की तुमच्या झाडाला शेंदरी फुलांचे घोस येतात का? ते म्हणाले छे, ते सरळ उंच जातं, पानं लांब, वळणावळणाची. म्हणजे तो आसुपालव, लोक सवयीनं त्याला अशोक म्हणतात. औषधातला अशोक वेगळा, सीतेचा अशोक, सराका असोका, बुटका पसरट, कोवळी पानं तांबूस आणि खाली लोंबणारी, फुलं आधी पिवळट शेंदरी आणि मग लालसर होत जातात. अशोकारिष्टात ह्याची साल पडते, पडायला पाहिजे असं म्हणतो, कारण बाजारात आसुपालवाची साल अशोक म्हणून सर्रास मिसळली जाते आणि खरा अशोक रानात इतका कमी राहिलाय की तो धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत गेलाय. त्या साहेबांचा चेहरा पडला, मला वाटतं बायकोला काय सांगायचं ह्यापेक्षा सोसायटीच्या सेक्रेटरीला काय सांगायचं ह्याची त्यांना काळजी होती.

आता तुम्ही म्हणाल दुकानदार शहाणा आणि बाकी सगळे येडे. तसं नाही. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एका नर्सरीतून गवती चहाचं रोप आणलं, छान जोमानं वाढलं, बायकोनं पहिल्या पावसाला चहात पात घातली, आणि पहिल्या घोटाला सगळे गप्प. माझी सून हळूच म्हणाली, बाबा, डासांच्या अगरबत्तीसारखं लागतंय का हो? ते सिट्रोनेला निघालं. गवत तसंच, पात तशीच, फक्त बुडाशी दांड्याला लालसर झाक, ती मी बघायला पाहिजे होती. पन्नास वर्षं झाडपाल्यात गेलेला माणूस मी, नर्सरीच्या पाटीवर विसंबलो. ते बेट अजून आहे गच्चीवर, डास येत नाहीत, आणि पाहुणे आले की सून मुद्दाम तोच विषय काढते.

वडील असते तर त्यांनी मला पोतं उघडायला लावलं असतं. त्यांची पद्धत अशी की माल आला की आधी हात कोपरापर्यंत पोत्यात घालायचा, तळाचा माल वर काढायचा, चोळायचा, हुंगायचा, जिभेच्या टोकाला लावायचा आणि थुंकायचं. मी नवीन नवीन बसायला लागलो तेव्हा नागकेशर म्हणून एक पोतं आलं होतं, लालसर गोल वाळलेल्या कळ्या, वास झकास. मी वजन करून घेतलं. वडील जेवून आले, एक कळी उचलली आणि म्हणाले, हे कोकणातल्या सुरंगीचं आहे, वेणीला घालतात ती सुरंगी, तिच्या कळ्या. ह्याला बाजारात तांबडं नागकेशर म्हणतात. खरं नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले पिवळे केसर, कळी नाही, फळ पण नाही. आणि काळं नागकेशर म्हणून जे मिळतं ते दालचिनीच्या जातीतल्या झाडाचं कच्चं फळ, लवंगेसारखं दिसतं. म्हणजे नाव एक आणि पोत्यात तीन वेगवेगळ्या झाडांचे तीन वेगवेगळे भाग! ते पोतं आम्ही परत नाही केलं, मसाल्यासाठी म्हणून विकलं, पण वैद्यांच्या चिठ्ठीवर त्यातलं एक दाणा दिला नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहून सांगतोय, तेव्हा त्या पोत्यावरून चार दिवस बोलणी खाल्ली होती.

झाड बरोबर असलं तरी भाग कुठला हे लेखात यायला पाहिजे, ते पण नव्हतं. तुमच्या लेखात अश्वगंधा आहे आणि तिथं नुसतं "रोज सेवन करावे" एवढंच. कशाचं? अश्वगंधाचं मूळ वापरतात. मध्ये वजन उतरवायला अश्वगंधाची पानं चावून खायचा एक व्हिडिओ इतका फिरला की लोक माझ्याकडं ताजी पानं मागायला लागले. आयुष मंत्रालयानं २०२१ मध्ये औषध कंपन्यांना सांगितलं होतं की पानं वापरू नका, फक्त मूळ वापरा. गुळवेलीची काठी वापरतात, अडुळशाचं पान, कुड्याची साल, शतावरीची मुळी आणि ती पण मधला दोरा ओढून काढून. हिरडा तर एकाच झाडाचा असून वयाप्रमाणं भाव आणि गुण बदलतो, कोवळा गळून वाळलेला तो बाळहिरडा, पिकायला लागलेला तो चांभारी, पूर्ण भरलेला सुरवारी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली आदिवासी माणसं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून त्यावर वर्षाची मीठमिरची भागवतात, त्यांना विचारा, त्यांना पाच हात लांबून कळतं.

कोरफडीचं पण तेच. गर काढताना पान कापलं की आधी पिवळा चीक गळतो, तो गळून जाऊ द्यायचा आणि मग गर धुवून घ्यायचा. तो चीक वाळवला की काळा बोळ होतो, जबरदस्त रेचक आहे. तुमच्या लेखात "पानाचा तुकडा मिक्सरमधून काढून रस प्यावा" असं आहे. करून बघा एकदा, दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊ नका म्हणजे झालं. गरोदर बाईनं तर अजिबात नाही.

गुळवेलीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण ते प्रकरण आमच्या डोळ्यांदेखत झालं. २०२० मध्ये काढ्याची लाट आली, सरकारनं सांगितलेला काढा साधा होता, तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका, त्यात वाईट काही नव्हतं. पण लोकांनी त्यात गुळवेल घातली, मग दिवसातून एकदाचं तीनदा झालं, मग कुणी रिकाम्या पोटी ग्लासभर. आमच्याकडं वाळलेल्या काठ्या संपल्या, तेव्हा जो तो कुंपणावरचे वेल तोडायला लागला. गुळवेलीची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, पान तसंच बदामाच्या आकाराचं, पण खोडावर गाठी-फोड जास्त. पुढं २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं मांडलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेल सुरक्षित आहे, ती दुसरी असावी. डॉक्टरांचं म्हणणं की खरी गुळवेल सुद्धा काहींना बाधते, ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती अंगावरच उलटते, त्यांना जास्त. मी वैद्य पण नाही आणि डॉक्टर पण नाही, पण मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. चुकीची वेल पण तोडली गेली, आणि बरोबर वेल पण मापाबाहेर प्यायली गेली. तेव्हापासून कुणी गुळवेल मागितली की मी आधी विचारतो लिव्हरचं, थायरॉईडचं काही आहे का, गोळ्या कसल्या चालू आहेत. गिऱ्हाईक वैतागतं. एक जण म्हणाला, तुम्ही दुकानदार आहात का पोलीस?

मापाचं बोलायचं तर आपली जुनी बाळगुटी बघा. मुरुडशेंग, बाळहिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, सागरगोटा, एवढा सगळा पसारा, पण द्यायचा कसा, तर सहाणेवर उगाळून, आणि ते पण वळसे मोजून. माझी आजी पणतवंडाची गुटी उगाळताना वेखंडाचा एकच वळसा द्यायची, जायफळाचा अर्धा, मुरुडशेंगेचे दोन, कुणी मध्येच बोललं आणि मोजणी चुकली तर सहाण धुवून परत पहिल्यापासून. जायफळ जास्त झालं तर पोर गुंगतं हे तिला पक्कं माहीत होतं. वेखंडातल्या बीटा-असारोन नावाच्या घटकामुळं अमेरिकेत ते खाण्याच्या पदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे, हे मला फार पुढं कळलं, आजीला नाव माहीत नव्हतं पण एक वळसा माहीत होता. आता मात्र बाळाचे डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात आणि मी पण गिऱ्हाइकाला तेच सांगतो, गुटीचा डबा विकत घ्यायला आलेल्या आजीचा राग पत्करून. आणि जे तयार चूर्ण मिळतं त्यात वळसे कुठले, चमचाभर टाकलं की झालं.

ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून लोक चॉकलेटसारखं चघळतात, घसा बसला की चांगलं आहेच. पण ते रोज खाल्लं तर अंगातलं पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं, बीपीची गोळी चालू असलेल्यानं रोज काढ्यात घालू नये. दालचिनी, तीच गोष्ट. पातळ पापुद्र्यांची, विडीसारखी वळलेली, बोटानं चुरली जाते ती सिलोनची. जाड, टणक, एकच गुंडाळी ती कॅसिया, आपल्या मसाल्यात बहुतेक हीच असते, आणि हिच्यात कुमारिन नावाचा लिव्हरला बाधणारा घटक जास्त, रोज चमचा चमचा घेण्यासारखी ती नाही. शुगर कमी व्हायला म्हणून घेतात लोक.

एक भीतीची गोष्ट सांगतो आणि मग विनंतीवर येतो. पानाच्या टपरीवर गुंजपाला मिळतो, गोड पान, गाणारी माणसं आवर्जून घालून घेतात. त्याच वेलीचं बी म्हणजे ती लाल-काळी गुंज, सोनार सोनं तोलायचे ती. पानाचं कौतुक वाचून कुणी बी पण चावलं तर? चावलेलं एक बी जीव घेऊ शकतं. १९४५ च्या औषध नियमांत ई-१ म्हणून एक यादी आहे, आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची, त्यात गुंज आहे, धोत्रा, कण्हेर, रुई, बिब्बा, बचनाग, कुचला आहे. ह्यातल्या रुई आणि धोत्रा ह्या दोन गोष्टी तुमच्या लेखात "बहुगुणी" म्हणून सांधेदुखीच्या चौकटीत आल्यात, बाहेरून लावायच्या का पोटात घ्यायच्या हे कुठंच नाही.

मी झाडपाल्याच्या विरोधात आहे असं कृपया छापू नका, माझी चूल त्याच्यावर पेटते. अडुळशाचं बघा, शेळी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावतात, पण त्याच्या पानातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करायचं औषध तयार झालं, आणि त्यातून पुढं अँब्रोक्सॉल, आज खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात वाचा, सापडेल. सर्पगंधाचं तर आपल्याला कौतुक असायला पाहिजे, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील, त्यांनी सर्पगंधाच्या मुळीनं ब्लड प्रेशर उतरतं हे पेशंटवर नीट नोंदी ठेवून १९४९ मध्ये ब्रिटिश जर्नलमध्ये छापलं आणि मग जगानं त्या मुळीकडं बघितलं. कुठलं झाड, कुठला भाग, किती, कुणाला, किती दिवस, सगळं लिहिलेलं. आणि सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे, बोरिव्हिलिॲनम, हे तुमच्या वाचकांना सांगितलं असतं तर किती मजा आली असती, त्याऐवजी परत तेच तुळशीचे दहा फायदे.

तर विनंती अशी. पुढच्या वेळेला वनस्पतीवर काही छापाल तर मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव देवनागरीत का होईना द्या, दोन शब्द लागतात. फोटो इंटरनेटवरून उचलण्याऐवजी जवळच्या कॉलेजच्या बॉटनीच्या सरांना एकदा दाखवा, फोन केला तरी ते आनंदानं सांगतात, त्यांना कुणी विचारतच नाही. कुठला भाग घ्यायचा ते लिहा. आणि गरोदर बायका, लहान पोरं, बीपी-शुगर-रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असलेली माणसं, ह्यांच्यासाठी एक ओळ. जागा नसेल तर दहा फायद्यांमधले चार कमी करा, कुणाला कळणार पण नाही. ज्यांनी लेख लिहिलाय त्यांच्यावर माझा काही राग नाही, भाषा छान आहे त्यांची, तुळशीबद्दलचा पहिला परिच्छेद तर मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला.

त्या मावशी शेवटी दोन्ही घेऊन गेल्या, जलब्राह्मीची पुडी पिशवीत आणि कारिवण्याची ताजी चार पानं कात्रणात गुंडाळून. वैद्यांना दाखवून मगच द्या म्हणून मी तीनदा सांगितलंय, त्यांनी तीनदा मान हलवलीये, पुढचं नातवाचं नशीब.

दुकानामागं जुन्या टबात मी दोन्ही लावल्यात, शेजारी शेजारी, दोघींनाही पाण्यात पाय पाहिजेत. सध्या जलब्राह्मीला फुलं आलीत. शुद्धिपत्र छापायचं ठरलं तर फोटोग्राफरला पाठवा, सकाळी दहाच्या आत ऊन बरं असतं. फक्त सोमवारी नको, सोमवारी तुमचे वाचक असतात.

आपला,
एक काष्ठौषधीवाला, सातारा